कातरेसाहेब

पौड सोडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की मुळशी धरणाच्या अलीकडं आमचं चुलत घर आहे. त्या घराच्या माजघरात दर्शनी भिंतीवर जे विराजमान आहेत, ते कातरेसाहेब. अंगापिंडानं त्रेचाळीस इंची, वर्णानं काळे, पाठीनं सडपातळ. इकडचा पाऊस भिंतीतून आत येतो, म्हणून त्यांच्या पाठीमागं प्लायवूडचा तुकडा ठोकलाय आणि साहेब भिंतीपासून दोन बोटं सुटे राहतात. डोक्यावर विठ्ठल-रखुमाईची तसबीर, बगलेत सेट-टॉप बॉक्सची फळी, आणि फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड चढवलेला रिमोट. पिशवी जुनी होऊन इतकी धुरकट झालीय की बटणांवरची अक्षरं दिसत नाहीत. पण घरातल्या सगळ्यांचं काम आवाज आणि चॅनल एवढ्या दोन बटणांशीच, त्यामुळं कुणाचं काही अडलं नव्हतं.

साहेब स्वभावानं सावकाश. बटण दाबल्यावर आधी आपल्या कंपनीचं नाव दाखवणार, मग थोडा वेळ काळे राहणार, मग चित्र. लाईट जाऊन आली तर आपणहून उठायचं नाही. खालच्या काठावर लाल दिवा लावून नुसतं बसून राहायचं, कुणी हाक मारेपर्यंत. रिमोटही त्यांना उजव्या हाताला खालच्या बाजूनं दाखवावा लागतो, समोरून दाखवलेला चालत नाही. काकूंचं म्हणणं, हे सगळं सरकारी कचेरीतून आल्यासारखं आहे.

आणि त्यांना कडा कातरायची सवय आहे. समोर येईल ते चित्र चारही बाजूंनी थोडं थोडं छाटल्याशिवाय ते पडद्यावर येऊ देत नाहीत. मालिका, कीर्तन, क्रिकेट, आषाढीची पूजा, काही असो. छाटणी बेताची असल्यामुळं घरात कुणाच्या लक्षातही आली नाही. ती उघडी पडली पुतण्याचा लॅपटॉप जोडल्यावर. पुतण्या हिंजवडीला असतो. (हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, हे पुण्यातल्या माणसाला सांगितलं तरी पटत नाही. तालुक्याच्या एका टोकाला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचं धुकं, आणि मधे आंबेमोहर लावणारे आम्ही.) साहेबांचं नाव ठेवलं ते पुतण्याच्या मुलीनं. तिच्या वर्गात कातरे नावाचा कुणी नाही, त्यामुळं बारशाला हरकत आली नाही.

ही सवय साहेबांच्या घराण्यातच आहे. त्यांचे आजे-पणजे काचेच्या नळीचे. पिक्चर ट्यूबच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनचा झोत सुटायचा, नळीच्या गळ्याशी बसवलेली तांब्याच्या तारेची वेटोळी त्याला डावीकडून उजवीकडं आणि वरून खाली ओढत न्यायची, आणि पडद्यावर रेघ रेघ करत चित्र उमटायचं. आपल्याकडच्या पद्धतीत अशा ६२५ रेघा, त्यांतल्या ५७६ चित्राच्या कामाच्या. झोत कुठवर पोचेल हे आतल्या विजेच्या दाबावर ठरायचं. दाब उतरला की चित्र आक्रसायचं. सेट तापला, आतले भाग जुने झाले, तरी चित्र थोडं सरकायचं. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून बाहेर पडलेले दोन सेट शेजारी ठेवले तरी त्यांची चित्रं तंतोतंत सारखी नसत. यावर कारखानदारांनी तोड काढली की चित्र काचेच्या चौकटीपेक्षा मुद्दाम थोडं मोठं काढायचं. कडा चौकटीच्या मागं जातील, जाऊ देत. उद्या चित्र थोडं लहान झालं, एका अंगाला कललं, तरी समोर बसलेल्याला काळी पट्टी दिसणार नाही. या मुद्दाम मोठं काढण्याला ओव्हरस्कॅन म्हणतात.

विजेचा दाब उतरणं म्हणजे काय, हे मुळशीच्या माणसाला समजावून सांगायला नको. आमच्या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पलीकडं कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथं वीज होते आणि ती मुंबईला जाते. १९२७ पासून हे चाललंय. त्या धरणाखाली गावं गेली, त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातूनच सेनापती बापट झाले. एवढं सगळं होऊन, विजेच्या पाण्याला खेटून राहून, आमच्या घरातला बल्ब मात्र संध्याकाळी लालबुंद तारेएवढाच पेटायचा. तेव्हा माजघरात लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं आणि इकडं ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून यायचं, म्हणून कौलांवरच्या अँटेनाचं तोंड सिंहगडाकडं. सातच्या बातम्यांना चांगलं भरलेलं चित्र असायचं. तेवढ्यात ओढ्याकाठच्या मोटारी सुरू झाल्या की बातम्या देणाऱ्या बाई बघता बघता बारीक व्हायच्या, दोन्ही बाजूंना काळे पट्टे पडायचे, आणि घरातले थोरले, तात्या, ओसरीवरून ओरडायचे, "आरं, मोटार कुणी टाकली? बाई आकसली बघा!" मग खालचा स्टॅबिलायझर टक् करून बोलायचा आणि बाई पुन्हा अंगानं भरायच्या. कडेला जी राखीव जागा ठेवलेली असायची, ती याच्यासाठी. आमच्या व्होल्टेजला तीही पुरायची नाही, हा भाग निराळा.

चित्र पाठवणाऱ्यांना हे सगळं माहीत होतं. कॅमेऱ्याच्या बारीक पडद्यावर दोन चौकटी आखलेल्या असत. बाहेरची चित्राच्या ९० टक्के लांबी-रुंदीची. नटानं, खेळाडूनं जे काही करायचं ते हिच्या आत. आतली ८० टक्क्यांची, अक्षरं हिच्या आत. कडेला काही महत्त्वाचं ठेवायचंच नाही, हा टीव्हीच्या धंद्याचा पहिला धडा. शिवाय कडा तशा स्वच्छही नसत. पहिल्या रेघांच्या वरच्या अंगाला टेलिटेक्स्टसारखा मजकूर सांकेतिक रूपात बसवलेला असे, तो उघडा पडला की पडद्याच्या माथ्यावर पांढरे तुटक ठिपके नाचायचे. व्हिडिओ कॅसेट लावली तर तळाशी एक फाटकी पट्टी सतत वळवळायची. हा सगळा पसारा चौकटीमागं झाकून पाहुण्यांना फक्त मधला भाग दाखवणं हे जुन्या टीव्हीचं कर्तव्यच होतं, आणि त्यांनी ते चोख बजावलं.

आमच्या साहेबांच्या अंगात नळी नाही. त्यांच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे वीस लाखांहून अधिक ठिपके आहेत, आणि ते कारखान्यात जिथं बसवले तिथंच बसलेत. व्होल्टेज उतरलं तर साहेब झोपतील, पण एकही ठिपका जागचा हलणार नाही. म्हणजे छाटायला आता काही कारण राहिलेलं नाही. पण जुन्या ध्वनिचित्रफिती अजून मळक्या कडांसकट येतात, आणि कंपनीला तक्रार नको असते, म्हणून बऱ्याच सेटवर ही छाटणी चालू ठेवूनच सेट घरी पाठवतात. साहेब येणाऱ्या चित्राच्या चारही बाजू अडीच-अडीच टक्के कापतात. उरलेलं १८२४ बाय १०२६ चं चित्र ताणून पुन्हा पडद्याभर करतात. ऐकायला हे किरकोळ वाटतं. गुणाकार केला तर दोन लाखांवर ठिपके जातात, म्हणजे चित्राचा जवळजवळ दहावा भाग.

कॉम्प्युटरचं घराणं वेगळ्याच संस्काराचं. त्यांच्याकडचे नळीचे मॉनिटरही चित्राभोवती थोडी काळी किनार ठेवत आणि चित्र लहान-मोठं करायला समोर बटणं देत, कारण त्या घराण्यात कडेलाच सगळी इस्टेट. माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन थांबतो, पुढं जात नाही. म्हणजे कोपरा हे न बघता सापडणारं ठिकाण. म्हणून जे हरघडी लागतं ते कोपऱ्यात नेऊन ठेवलं. सुरू करायचं बटण डावीकडं खाली, घड्याळ उजवीकडं खाली, बंद करायची फुली उजवीकडं वर. टीव्हीवाला कडेला कचरा टाकतो आणि कॉम्प्युटरवाला तिथंच तिजोरी ठेवतो. शेताच्या मधोमध काय पिकलं यावर कधी कुणी कोर्टात गेलं नाही, भांडण होतं ते बांधावरून. कॉम्प्युटर हा असा बांध ओळखणारा प्राणी, आणि पुतण्यानं त्याची केबल नेऊन लावली बांध छाटणाऱ्याच्या पाठीत.

व्हायचं ते झालं. विंडोज दहाची खालची पट्टी ४० ठिपके उंच असते, साहेबांनी खालून २७ घेतले. उरलेल्या तेरांत घड्याळाच्या आकड्यांची फक्त डोकी दिसत होती; साडेआठ की साडेनऊ ते कळायला मार्ग नाही, तारीख तर बुडालीच. बाजूंनी ४८-४८ गेले. बंद करायची फुली जेमतेम तेवढीच रुंद, त्यामुळं ती आख्खी गेली. गंमत म्हणजे लॅपटॉपच्या लेखी ती तिथंच होती. बाण उजवीकडं वर ढकलत नेला की तो चौकटीपलीकडं अंधारात शिरायचा, तिथं अंदाजानं दाबलं की खिडकी बंद व्हायची. पुतण्याच्या मुलीला हे फार आवडलं. तिला वाटलं, भिंतीमागं कुणीतरी आहे.

हे २०२० सालचं. शाळा बंद, वर्ग घरात. सह्याद्री वाहिनीवर तेव्हा अभ्यासाचं 'टिलीमिली' लागायचं, तेही साहेबांवरच, सेट-टॉप बॉक्समधून, लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीवरून. त्यात कधी काही कापलं गेल्याचं जाणवलं नाही, कारण ते टीव्हीच्या धंद्यातल्या माणसांनी केलेलं. शाळेचा ऑनलाइन वर्ग मात्र लॅपटॉपवरून. त्यात आवाज बंद करायचं बटण डाव्या कोपऱ्यात तळाला. ते साहेबांनी गिळलं. त्यामुळं सहावीच्या वर्गानं आमच्या घरातली सगळी खलबतं ऐकली. गाईचं हंबरणं, मिक्सर, आणि एकदा तात्यांचा भाताच्या व्यापाऱ्याशी फोनवर झालेला सौदा, भावासकट. बाईंनी शेवटी विचारलं म्हणे, "आजोबांकडं आंबेमोहर शिल्लक आहे का?"

इथवर साहेब हा चेष्टेचा विषय होता. प्रकरण तापलं ते नकाशापाशी.

तात्यांच्या मनात एक बांध बरीच वर्षं सलतोय. मुळशीत सलणारे बांध घरोघर आहेत, आणि जमिनीचा भाव वाढत गेला तसतसे ते जास्त सलायला लागले. 'मुळशी पॅटर्न' सिनेमा २०१८ साली आला तेव्हा इकडं कुणाला त्यात नवल वाटलं नव्हतं. गावाचे नकाशे आता सरकारच्या साइटवर बघता येतात, सातबाराही निघतो, हे कळल्यावर तात्यांनी एका रविवारी फर्मान काढलं की सगळ्यांनी मिळून मोठ्या पडद्यावर बघायचं. दोन भाऊ, एक आत्या, सुना, पोरं, सगळे माजघरात सतरंजीवर. पुतण्यानं गाव शोधलं, गट शोधला, आणि तात्यांना नीट दिसावं म्हणून नकाशा वाढवत वाढवत पडद्याभर नेला. आमचा गट शिवेवरचा. नकाशात तो तळाला आला, पडद्याच्या खालच्या कडेला टेकून.

तात्या उठून पडद्याजवळ गेले. चष्मा कपाळावर नेऊन पाहिलं.

"आरं, खालचा बांध कुठंय?"

"असेल की तात्या, तिथंच."

"तिथंच म्हंजे कुठं? ही वरची हद्द, ही ओढ्याची, ही वाटंची. खालची रेघच न्हाई हितं."

पुतण्यानं लॅपटॉपवर पाहिलं. त्याच्या पडद्यावर रेघ होती. तो म्हणाला, "मला दिसतेय."

"तुला दिसती आन् मला दिसत न्हाई?" तात्या वळले ते थेट धाकट्या भावाकडं. "बघ, कागदावरनंबी सरकला बांध. मी म्हनत न्हवतो?"

धाकटे म्हणाले, "सरकार कशाला सरकवील?"

"मग कुणी सरकवला?" यावर आत्या एकदम बोलली, "आजानं एकदा बुडताना बघितली, आता तुम्ही टीव्हीत बुडवा." धरणाखाली आमच्याकडची थोडी जमीन गेलेली आहे, त्यामुळं आत्याच्या या वाक्यावर कुणी हसलं नाही. काकूंनी चहा टाकला. तेवढ्या वेळात पुतण्यानं नकाशा दोन बोटं वर सरकवला, आणि खालची रेघ अलगद पडद्यावर आली. सगळ्यांच्या जिवात जीव आला. तात्यांच्या जिवात मात्र संशय आला. जी रेघ सरकवल्यावर दिसते आणि सरकवल्यावर जाते, ती रेघ कसली?

पुतण्याला हा डाग धुवायचाच होता. त्यानं पहिला इलाज लॅपटॉपवर केला, जो त्याच्या जागी कुणीही शिकलेला माणूस करतो. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये चित्र लहान करायची एक सरकपट्टी असते. साहेब कडा कापणार ना, मग आपण चित्रच आधी आत ओढून घेऊ. पट्टी सरकवत नेली, चारही कोपरे दिसायला लागले, घड्याळ आलं, फुली आली, बांध आला. सगळे खूश.

मला मात्र अक्षरं बघून कसंतरी झालं. सातबारा उघडला होता. मी पडद्याजवळ जाऊन पाहिलं. चांगल्या पडद्यावर शिरोरेघ म्हणजे काळ्या ठिपक्यांची एक सरळ ओळ असते, वर पांढरं, खाली पांढरं. इथं ती दोन ओळींवर राखाडी होऊन पसरली होती. 'क्षेत्र' मधला एक उभा दंड कुळकुळीत, त्याच्या पुढच्या शब्दातला फिका, पुढचा पुन्हा बरा, असं एका ठरावीक अंतरानं सबंध ओळभर. त्याला हिशेब आहे. लॅपटॉपनं वीस ठिपके एकोणिसांत कोंबले. साहेबांनी कडा कापून त्या एकोणिसांचे पुन्हा वीस केले. दोनदा ओढाताण झाली, आणि जे ठिपके दोन घरांच्या मधे पडले ते दोन्हीकडं अर्धे अर्धे वाटले गेले. मालिकेतल्या चेहऱ्याला याचं काही वाटत नाही, चेहरा मऊ दिसला तर नटी खूशच होईल. देवनागरीचा छोटा टाइप मात्र हे सहन करत नाही. अनुस्वार आणि रफार तर पहिल्याच धक्क्याला पुसट.

माझं मत असं की हा इलाज चुकीच्या माणसावर केलेला आहे. छाटणारा एक आणि लॅपटॉपला म्हणायचं अंग चोरून बस. औषध साहेबांनाच द्यायला हवं, आणि ते त्यांच्याच पोटात असतं. फक्त त्याचं नाव प्रत्येक कंपनीनं आपल्या मनानं ठेवलंय. एलजी म्हणते जस्ट स्कॅन, सोनी म्हणते फुल पिक्सेल, शार्प डॉट बाय डॉट, फिलिप्स अनस्केल्ड, सॅमसंग स्क्रीन फिट. कुणी नुसतंच ओव्हरस्कॅन लिहून पुढं चालू-बंद देतं. ते कुठं सापडेल याचाही नेम नाही. बहुधा चित्राच्या सेटिंगमध्ये, जिथं सोळा-नऊ, चार-तीन, झूम असे आकार लिहिलेले असतात तिथं. त्या यादीत 'झूम' आणि 'वाइड' ही नावं मोहात पाडतात, पण ती आणखी कापतात किंवा ताणतात. त्यांच्या नादी लागू नये.

पुतण्या मेन्यूत शिरला तर ते नावच नाही. त्याचं कारणही साहेबांच्या स्वभावातलंच. तो मेन्यू उघडत होता सेट-टॉप बॉक्स चालू असताना, तीन रंगांच्या पिनांवर. त्या जुन्या वायरीवरून आलेलं चित्र मळकंच असणार असं साहेब धरून चालतात आणि न छाटण्याचा पर्याय पुढं करतच नाहीत. एचडीएमआयवर जाऊन, लॅपटॉपचं चित्र समोर असताना मेन्यू उघडला, तर यादी एका ओळीनं वाढते. हे शोधलं मुलीनं. तिनं रिमोटची पिशवी फाडली. काकूंनी आरडाओरडा केला, पण पिशवीखाली आकार बदलायचं बटण होतं, आणि घरात आल्यापासून ते कुणी दाबलेलं नव्हतं. ओव्हरस्कॅन बंद केलं, लॅपटॉपची सरकपट्टी होती तशी मागं नेली. पडदा क्षणभर काळा झाला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं आलं. लॅपटॉपचा एक ठिपका तो साहेबांचा एक ठिपका. शिरोरेघ काळी, एकेरी, सरळ.

साहेबांची बाजूही सांगायला हवी. एचडीएमआयची केबल घातली की दोन्ही यंत्रं आधी ओळखपाळख करतात. टीव्ही आपलं नाव, आपल्याला कोणकोणत्या मापाची चित्रं चालतात ते सगळं सांगतो. चित्र पाठवणाऱ्यालाही सोबत एक निरोप जोडता येतो की माझ्या कडा कापून चालेल की नाही. बहुतेक कॉम्प्युटर तिथं काहीच सांगत नाहीत. त्यातून १९२० बाय १०८० हे माप टीव्हीच्या कार्यक्रमांचंही आणि कॉम्प्युटरचंही. निरोप कोरा, माप घरातलंच, मग साहेबांनी हा आपल्यातलाच कुणी कार्यक्रम आहे असं समजून कात्री चालवली, तर चूक काय? म्हणूनच काही सेटमध्ये केबल खोचायच्या भोकाला 'पीसी' असं नाव देता येतं. नुसतं नाव बदललं की साहेबांचं वागणं बदलतं. छाटणं थांबतं, लाल-निळ्या अक्षरांच्या कडा ओघळायच्या थांबतात, बाण माउसच्या मागून रेंगाळत येत होता तो बरोबर चालायला लागतो. तेही करून घेतलं. जाता जाता शार्पनेसही उतरवला. कारखान्यातून तो चढवूनच देतात आणि मग प्रत्येक अक्षराभोवती पांढरी झालर दिसते. चेहऱ्याला तजेला येतो म्हणे, सातबाऱ्याला त्याची गरज नाही.

एक गोष्ट राहिलीच. कोपरे आले तरी तात्यांना सतरंजीवरून अक्षरं बारीक दिसत होती. धाकट्यांनी सुचवलं की ते १९२० का काय ते कमी करा, मोठं दिसेल. मोठं दिसतं खरं, पण पुन्हा ताणून, पुन्हा धुरकट. ठिपके आहेत तेवढेच ठेवून विंडोजमधलं स्केल १५० टक्के करायचं, म्हणजे अक्षर जास्त ठिपक्यांनी लिहिलं जातं. चित्र मावणं आणि अक्षर मोठं होणं ही दोन वेगळी कामं आहेत. लोक एकाचं औषध दुसऱ्याला पाजतात आणि मग सगळा दोष टीव्हीवर जातो.

याच्या उलट तऱ्हा पुतण्याच्या मित्राकडं, भूगावला पाहिली. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एएमडीचं जुनं ग्राफिक्स कार्ड. त्यांचे तेव्हाचे ड्रायव्हर टीव्ही दिसला की आपणहून चित्र आत ओढून घ्यायचे, समोरचा कापणार हे गृहीत धरून. मित्राचा टीव्ही नव्या वळणाचा, त्यानं काहीच कापलं नाही. झालं, चित्राभोवती चारही बाजूंनी काळी चौकट. मित्रानं केबल बदलली, मग टीव्ही बदलायला निघाला होता. ड्रायव्हरमधली एचडीएमआय स्केलिंगची पट्टी शून्यावर नेली आणि चौकट गेली.

सध्या साहेब दोन रीतींनी वागतात. केबलवरून येणाऱ्या कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, आणि पिनांवरून येणारी कीर्तनं पूर्वीसारखीच कातरून दाखवतात. तो छाटणीचा हक्क त्यांच्याकडं राहू दिलाय. लाईट गेली की सगळं विसरतील की काय अशी धास्ती होती, पण लक्षात ठेवतात. रिमोटला नवी पिशवी आली आहे, पारदर्शक.

तात्यांचा मात्र अजून निकाल लागलेला नाही. नकाशा पूर्ण दिसला, खालचा बांध जिथं होता तिथंच निघाला, म्हणजे त्यांच्या मते जिथं नको तिथं. परवा त्यांनी पुतण्याला हळूच बाजूला घेतलं. शेजाऱ्यांकडंही नवा टीव्ही आलाय, पोरानं त्याला कॉम्प्युटर जोडलाय. "तू एकदा जाऊन ये तिकडं," तात्या म्हणाले. "त्यांचं मशीन कापतंय का न्हाई ते बघ. आन् कापत आसंल, तर नीट करून देऊ नगंस."